पाच चेलो आणि गाणारा एकच : बाखची ‘एअर’ बसवताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. सांगली-मिरजेतले तुम्ही पाच जण चेलो, म्हणजे व्हायोलिनच्या घरचं, गजाने वाजणारं मोठं खर्जाचं वाद्य, वाजवता. दोघांचा हात तयार, दोघं मध्यम आणि पाचवा अकरावीतला मुलगा, शिकायला लागून दहा महिने झालेला, पहिल्या पोझिशनबाहेर, म्हणजे डाव्या हाताच्या सगळ्यात वरच्या, खुंट्यांजवळच्या जागेबाहेर, अजून न गेलेला. दिवाळी पहाटच्या कार्यक्रमात तुम्हाला दहा मिनिटं मिळाली आहेत आणि त्यात बाख या जर्मन संगीतकाराची ‘एअर’ घ्यायची आहे. कॉम्प्युटरवर मूळ स्कोअर उतरवून वरचे तीन आवाज एक सप्तक खाली आणलेत, बास, म्हणजे सगळ्यात खालचा आवाज, होता तसा ठेवलात आणि मुलाला बासच्याच पार्टवर बसवलंत. वाजवून बघितलं तर ‘गढूळ’ लागतं, हा शब्द तुमचाच. सूर जागेवर, लय जागेवर, तरी गढूळ. असं का होतं, पट्टी कोणती धरायची आणि मुलाला काय द्यायचं, हे विचारलंय. जाता जाता यमनचंही विचारलंय, त्याकडे शेवटी येतो.

मुंबईतल्या रेकॉर्डिंगच्या तारवाद्यांत मी एकोणीस वर्षं चेलो वाजवला आणि मग सांगलीला परत आलो. इथे आल्यावर पहिल्यांदा चार चेलोंसाठी काही लिहिलं तेव्हा मीही नेमका हाच घोटाळा केला होता. हातात चार वादक आहेत म्हटल्यावर चौघांना भरपूर काम दिलं. तालीम आमच्याच घरी, विश्रामबागेत. शेजारच्या काकू भजनी मंडळात पेटी धरतात, त्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. झाल्यावर म्हणाल्या, “छान आहे हो, पण सगळे साथच करताय. गातंय कोण?” मी तो कागद तेव्हाच बाजूला ठेवला. पुढे जे लिहितोय ते सगळं त्या एका प्रश्नाचंच उत्तर आहे.

बासरीवर चाल आणि खाली पेटी असेल तर कानाला काही करावं लागत नाही, रंगच वेगळे असतात. ऑर्केस्ट्रातही ओबो, व्हायोलिन, डबल बास आपापल्या आवाजाने ओळखू येतात. पाच चेलोंत ही सोय नाही. पाचही जणांचा गळा एक. त्यामुळे चाल कोणती आणि साथ कोणती हे कानाला तीनच गोष्टी सांगू शकतात: सप्तकातली जागा, लयीतली हालचाल आणि कोण गप्प बसलंय. तिसरी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी. कॉम्प्युटर गप्प बसवत नाही, तो फक्त खाली सरकवतो.

आता तुमच्या कागदात नेमकं काय झालंय ते बघू. मूळ रचना बाखच्या तिसऱ्या ऑर्केस्ट्रल सुइटमधली, बाखच्या रचनांच्या यादीत बीडब्ल्यूव्ही १०६८, डी मेजरमध्ये, १७३१ च्या सुमाराची. त्या सुइटमध्ये इतरत्र ट्रम्पेट आहेत, टिंपनी आहे, पण ‘एअर’मध्ये फक्त तारवाद्यं आणि खालचा बास. अठरा बार (बार म्हणजे इथे चार मात्रांचा एक तुकडा), सहा आणि बारा असे दोन भाग, दोन्ही पुन्हा वाजवायचे. डी ला सा धरा म्हणजे आपल्याला बोलायला सोपं. चाल एका लांबलचक ग वर उभी राहते, पूर्ण एक बार आणि पुढच्या बारातही थोडी. त्याखाली बास चालत असतो: सा, वरचा सा, वरचा नी, खालचा नी, खालचा ध, वरचा ध, वरचा प, खालचा प. प्रत्येक स्वर दोन सप्तकांत एकेकदा, एकदा वर आणि एकदा खाली, अशा उड्या मारत तो खाली उतरतो. मूळ रचनेत व्हायोलिनचा ग आणि बासची सगळ्यात वरची उडी यांच्यामध्ये एक सप्तक आणि वर आणखी एक तिसरी (सा ते ग एवढं अंतर) एवढी मोकळी जागा आहे. तुम्ही चाल सप्तकभर खाली आणलीत, बास जागेवर राहिला. आता त्या दोघांत उरली फक्त तिसरी, सा आणि ग. आणि त्या चिंचोळ्या बोळात दुसरं व्हायोलिन आणि व्हिओला यांचेही पार्ट घुसवलेत. एकाच गळ्याचे चार जण, सगळे मधल्या सी च्या आसपास. गढूळ होणारच.

बास आणखी खाली नेता येईल का, असं कुणीही विचारेल. येत नाही. चेलोची सगळ्यात खालची तार सी, तिच्याखाली काही नाही. बासच्या उड्यांतले खालचे स्वर सप्तकभर उतरवायला गेलात तर तिसऱ्याच स्वराला तार संपते. चाल मूळ जागी ठेवून वाजवणं तयार हाताला शक्य आहे, पण अंगठ्याच्या पोझिशनमध्ये, म्हणजे खूप खाली सरकून तारेवर अंगठा टेकवून, सहा-सात सेकंद एकच स्वर धरायचा, तो बारीक लागतो, ताणलेला लागतो, आणि दिवाळीच्या पहाटे गारठलेल्या बोटांनी मी ते कुणाला सांगणार नाही.

खालच्या भागात तिसरी का चालत नाही ते एकदा आकड्यांत बघून ठेवा, पुन्हा कधी चूक होणार नाही. चेलोची खुली (बोट न ठेवता वाजवलेली) सी तार सेकंदाला साधारण ६५ कंपनांची. तिच्यावरचा ई ८२ चा. फरक १७. एवढ्या कमी फरकाचे दोन खर्जातले स्वर कानाला दोन लागत नाहीत, एकच गुरगुर लागते. तेच दोन स्वर दोन सप्तकं वर घ्या: २६२ आणि ३३०, फरक ६८. तिथे दोघं सुटे होतात, गोडही लागतात. सा आणि प ही जोडी मात्र खर्जातही चालते, कारण त्यांच्या पोटातले वरचे स्वर एकमेकांवर बसतात. तंबोऱ्याला पहिली तार प ची आणि शेवटची खर्जाच्या सा ची का, याचं उत्तर मिरजेतल्या कुठल्याही तंतुवाद्यवाल्याच्या दुकानात जवारी लागताना, म्हणजे घोडी घासून तारेला गुंजन आणताना, पाच मिनिटं बसलात तर कानानेच मिळेल. ग तंबोऱ्यात कुणी लावत नाही, तो आपोआप वर तरंगून येतो. चेलोंसाठी लिहिताना माझा नेम एवढाच: खाली सा-प, ग फक्त वर, आणि तोही एकाच वादकाकडे.

पट्टी. डी सोडा, सी घ्या. चेलोच्या तारा सी, जी, डी, ए. डी ला सा मानला तर सगळ्यात खालची, सगळ्यात गुंजणारी तार कोमल नी होते, म्हणजे बाखच्या या रचनेत जवळजवळ निरुपयोगी. सी ला सा मानला तर चारही तारा सा, प, रे, ध. वाद्य स्वतःच साथ करायला लागतं. शिवाय चालीचा पहिला ग म्हणजे ए तारेवरचा ई, चौथ्या पोझिशनमध्ये पहिलं बोट, हाताला अगदी घरचा स्वर. दुसऱ्या बारात चाल जिथे उसळी घेते तो स्वर सी मध्ये वरचा ए होतो, म्हणजे तारेचा बरोबर मध्यबिंदू. तिथे बोट दाबलं नाही, नुसतं टेकवलं तरी स्वर लागतो. घाबरलेल्या वादकाला याहून मोठी मदत नाही.

सी ची पट्टी ही माझी शक्कल नाही. ऑगस्ट विल्हेल्मी या जर्मन व्हायोलिनवादकाने १८७१ च्या सुमारास ही चाल सी मध्ये आणली आणि खाली उतरवली, ती सगळी व्हायोलिनच्या जाड जी तारेवर वाजावी म्हणून. ‘जी तारेवरची एअर’ हे लोकप्रिय नाव तिथून आलं, बाखला त्याचा पत्ताही नव्हता. आपल्या दृष्टीने मौज अशी, की विल्हेल्मीने चाल ज्या उंचीवर आणून ठेवली, तीच चेलोच्या ए तारेची उंची.

आता मुलगा. तुम्ही त्याला बासबरोबर बसवलंत, म्हणजे एकाच ओळीवर दोन चेलो. दोघांनी एकच ओळ वाजवणं हे तारवाद्यांत सगळ्यात अवघड. एकटा चालतो, तिघं चालतात, तिघांत चुका एकमेकांत झाकल्या जातात. दोघं असले की एकाचा केसभर कमी सूर दुसऱ्याच्या सुरावर घासत राहतो. मुलगा कच्चा आहे म्हणून त्याला कुणाच्या तरी मागे लपवणं ही आपली सवय, आणि नेमकी तीच त्याला उघडं पाडते. त्याला स्वतःची ओळ द्या, त्याच्या आवाक्यातली.

ती ओळ बासच्या उड्यांतच दडलेली आहे. उड्या दोघांत वाटून टाका. खालचे स्वर चौथ्या वादकाने गजाने वाजवायचे, छोटे, सुटे. वरचे स्वर मुलाने, बोटाने छेडून. सी च्या पट्टीत त्याच्या वाट्याला पहिल्या दोन बारांत काय येतं बघा: सी, बी, ए, जी, एफ, एफ शार्प. ए तारेवर दुसरं बोट, पहिलं बोट, खुली तार. डी तारेवर चौथं बोट, दुसरं बोट, तिसरं बोट. सगळं पहिल्या पोझिशनमध्ये, हात ताणायचा नाही, गजाची काळजी नाही. छेडलेला स्वर लगेच विरतो, त्यामुळे चालीच्या ग खाली तिसरीवर असूनही तो तिला अडवत नाही. ठिपका उमटतो आणि पुसला जातो. तिसरा फायदा मला वाजवताना कळला. बहुतेक चेलोंत ई ते एफ शार्पच्या आसपास कुठेतरी ‘वुल्फ’ असतो, म्हणजे खोक्याचा स्वतःचा कंप आणि तारेचा स्वर यांची जुंपते आणि आवाज घोगरतो, थडथडतो. या बासच्या वरच्या एफ आणि एफ शार्पची जागा नेमकी तीच. गजाने वाजवाल तर वुल्फ गुरगुरणार, छेडाल तर तो जागा व्हायच्या आत स्वर संपलेला असतो. चौथ्या वादकाला खालचा एफ शार्प घ्यायला बोट ताणावं लागेल, तो तयार हातातला असू द्या.

लयीचं मात्र नीट समजवा. मुलाचे स्वर सरळ एकाआड एक येत नाहीत. खाली-वर-वर-खाली, खाली-वर-वर-खाली असा क्रम आहे. आकडे मोजायला लावलेत तर तो गोंधळेल. आपल्याकडच्या मुलाला तबल्याचे बोल कानात असतात. ‘धा ती ती धा, धा ती ती धा’ असं म्हणायला सांगा. धा चौथ्याचा, ती मुलाचा. आधी चेलो बाजूला ठेवून मांडीवर हाताने, मग नुसत्या खुल्या ए तारेवर, मग स्वरांसकट. माझ्याकडच्या एका मुलीला हे वीस मिनिटांत बसलं होतं, आणि तिच्या वडिलांना, जे शेजारी चौथा पार्ट वाजवत होते, त्यांना दोन दिवस लागले. पुढे जिथे बास उड्या सोडून पायरी-पायरीने चालायला लागतो तिथे मुलाला गप्प बसवा आणि पार्टमध्ये रिकामे बार स्पष्ट आकड्यात लिहा. त्या विश्रांतीत त्याला ऐकायलाही मिळतं.

चौथ्या आणि पाचव्याला एकमेकांशेजारी बसवू नका. एक डावीकडे टोकाला, दुसरा उजवीकडे. समोर बसलेल्याला बास एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पावलं टाकताना ऐकू येतो. त्याचं चालणं असं नुसतं जागेमुळे दिसायला लागतं.

बासमध्ये एक जागा आहे, तिथे तुमच्यापैकी गाणं शिकलेले हमखास थबकतील. दुसऱ्या बारात बास शुद्ध म वर येतो आणि लगेच तीव्र म घेऊन प ला जातो. दोन्ही मध्यम पाठोपाठ. माझ्या एका विद्यार्थ्याने तिथे वाजवायचं थांबवून विचारलं होतं, “सर, हा बिहाग का?” बिहाग रागात दोन्ही मध्यम लागतात म्हणून. हा बिहाग नाही, पण ज्या कानाने तो प्रश्न विचारला तो कान सांभाळा. कारण खरी गंमत त्याच्या क्षणभर आधी आहे. चालीचा ग पहिला पूर्ण बार शांत उभा असतो. खाली सा येतो, ध येतो, ग ला काही फरक पडत नाही, तो सगळ्यांशी जमवून घेतो. दुसरा बार लागताच खाली म येतो आणि तोच ग, जागचा न हललेला, एकदम बोचायला लागतो. ती बोच असह्य झाली की चाल वर उसळते. ही सगळी करणी खालच्या म ची. म्हणून चौथ्या वादकाला सांगा, दुसऱ्या बाराचा पहिला स्वर किंचित भारी, गज थोडा लांब. आणि चालवाल्याला सांगा, ग वाढवत न्यायचा तो त्या म कडे, आधीच फुगवून बसायचं नाही. गज पुरत नसेल तर पहिल्या बारात तिसऱ्या मात्रेला, खाली ध पडतो तिथे गुपचूप बदलावा. कुणाला कळत नाही.

मधले दोन आवाज, म्हणजे तुमचे दुसरे आणि तिसरे वादक. यांच्यासाठी माझा सल्ला कठोर वाटेल. पहिल्या भागात पहिल्या फेरीला त्यांनी वाजवूच नये. चाल, खालचा बास, छेडलेले ठिपके, एवढंच. दहा मिनिटांच्या कार्यक्रमासाठी महिनाभर तालीम करून आलेल्या माणसाला सुरुवातीचे सहा बार मांडीवर गज ठेवून बसवणं सोपं नाही, हे मला माहीत आहे. पण बाखनेच पुनरावृत्ती दिली आहे, तिचा उपयोग करा. दुसऱ्या फेरीला ते दोघं हलक्या हाताने आत आले की तेच सहा बार ऐकणाऱ्याला नवे लागतात. त्यांचे पार्ट लिहिताना मूळ दुसऱ्या व्हायोलिनची आणि व्हिओलाची प्रत्येक हालचाल उतरवायचा हट्ट नको. चाल जिथे धरून उभी आहे तिथे मधल्याने हलावं, चाल जिथे पळतेय तिथे मधल्याने धरून बसावं. बासच्या उड्या वर आलेल्या असतील तिथे मधल्याने त्या उंचीवरून बाजूला व्हावं, नाही जमलं तर तो स्वरच गाळावा. मी अशा कागदावर लिहितो कमी आणि खोडतो जास्त. शाईपेक्षा खोडरबर लवकर संपतं.

एकाच गळ्याचा तोटा इतका सांगितला, आता त्याचा फायदा. चाल एका चेलोकडून दुसऱ्याकडे मध्येच सोपवली तरी ऐकणाऱ्याला सांधा दिसत नाही. व्हायोलिनकडून बासरीकडे हे करता येत नाही. म्हणजे तुमच्या पहिल्या वादकाला एकट्याने संपूर्ण ‘एअर’ ओढायची गरज नाही. पहिल्याने पहिला भाग घ्यावा, दुसऱ्या भागाच्या मध्यावर दुसऱ्याने उचलावी. सोपवताना एक स्वर दोघांनी मिळून वाजवायचा, पहिल्याने विरत जायचं, दुसऱ्याने शून्यातून वर यायचं. वारकऱ्यांत एकाने उचललेला चरण दुसरा कसा घेतो, मध्ये फट पडू देत नाही, तसं. ज्याने चाल सोडली त्याने लगेच मधल्या आवाजात घुसू नये, एक-दोन बार थांबावं, नाहीतर कान त्याच्याच मागे जातो.

चेलोंच्या समूहासाठी लिहिलेलं काही ऐकायचं असेल तर युलियुस क्लेंगेल या जर्मन चेलोवादकाचं बारा चेलोंसाठीचं ‘हिम्नुस’ ऐका, १९२० सालचं. बर्लिन फिलहार्मोनिकच्या बारा चेलोवादकांचा गट १९७२ मध्ये याच रचनेच्या निमित्ताने जमला. ब्राझीलच्या व्हिला-लोबोसची पहिली ‘बाखियानास ब्राझिलेइरास’ही ऐका, १९३० ची, आठ चेलोंची. बारा किंवा आठ जण असतानाही एका वेळी किती जण खरोखर वाजवताहेत ते मोजा, डोळे मिटून.

सुरांचं एक प्रकरण आहे, त्यावर मी जरा जास्त बोलणार, कारण तालमीतले निम्मे तंटे यावरून होतात. तुम्ही तारा एकमेकींशी शुद्ध सा-प भावाने लावता ना? ए वरून डी, डी वरून जी, जी वरून सी. लागतंही सुरेल. पण ए २२० ला लावून असे तीन षड्ज-पंचम शुद्ध उतरलात तर सी येतो ६५.२ च्या आसपास. आता चालीचा तो ग. खुल्या सी तारेच्या पोटात जो ग आपोआप वाजतो तो तिच्या पाचपट, म्हणजे ३२६. आणि खुल्या ए तारेचा शुद्ध पंचम म्हणून तोच ई लावाल तर ३३०. सेकंदाला चार थरथरींचा फरक. पहिल्या बारात चाल हलत नाही, पण खाली आधी सी येतो, मग ए. म्हणजे पहिल्या मात्रेला सुरात असलेला ग तिसऱ्या मात्रेला उतरलेला लागतो, आणि चालवाल्याने बोट हलवलेलंही नसतं. मग सगळे त्याच्याकडे बघतात.

सांगलीकरांना यात नवल वाटू नये. आपल्याकडे ध दोन प्रकारचे, एक चढा आणि एक उतरलेला, मध्ये एका श्रुतीचा, म्हणजे स्वराहूनही बारीक अंतराचा, फरक, हे गाणाऱ्यांना माहीतच आहे. शुद्ध पंचमांच्या वाटेने आलेली खुली ए तार सी च्या हिशेबात चढा ध असते. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर आपल्या सांगलीचेच. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गाण्याचा आधार घेऊन त्यांनी बावीस श्रुतींवर काम केलं, १९१० मध्ये त्यांचं त्यावरचं पुस्तक निघालं, आणि क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर त्यांच्या खटपटीतून श्रुतींची पेटीही तयार झाली. चेलोला पडदे नाहीत, पेटीही लागत नाही. तरी खुल्या तारा एकदा लावल्या की लावल्या. म्हणून उपाय असा: सा-प भाव सगळेच केसभर आखूड ठेवायचे. ए जागेवर, डी किंचित चढा, जी आणखी किंचित, सी आणखी. किती? सी तार गजाने हळू वाजवत ठेवा आणि दुसऱ्याने चालीचा ग वाजवावा. मग तोच ग आणि खुली ए. दोन्हीकडे सारखीच थोडी थरथर राहिली की थांबा. पाचही जणांनी एकाच ए वरून आणि सी एकाच माणसाच्या सी वरून घ्यायचा. प्रत्येकाने मोबाइलवरच्या ट्यूनरवर आपापलं लावून घेतलं तर पाच जण पाच घरचे राहतात.

पार्ट लिहिताना दोन गोष्टी. चालीचा पार्ट टेनॉर क्लेफमध्ये (क्लेफ म्हणजे कुठल्या रेघेवर कुठला स्वर ते सांगणारी सुरुवातीची खूण) लिहायची पद्धत आहे, पण मध्यम वादकाला तो वाचता येत नसेल तर हट्ट करू नका. बेस क्लेफमध्ये वरच्या दोन-तीन जादा रेघा त्याला चालतील. ट्रेबल क्लेफ मात्र जपून. जुन्या छापील प्रतींमध्ये चेलोचा ट्रेबल क्लेफ कधी कधी एक सप्तक वर लिहिलेला असतो आणि वाजवताना खाली घ्यायचा असतो. हा संकेत माहीत नसलेला एक वादक मी एका रेकॉर्डिंगमध्ये पाहिला आहे. बिचारा फिंगरबोर्डच्या टोकाशी चढून जिवाच्या आकांताने वाजवत होता आणि काचेपलीकडचे हसू दाबत होते. तो वादक मीच होतो.

दिवाळीची पहाट उघड्या मांडवात असेल तर तासभर आधी जा. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या कोरड्या गारव्यात खुंट्या आकसतात आणि अचानक सुटतात. पावसाळ्यात कृष्णाकाठच्या दमटपणात त्याच खुंट्या फुगून बसलेल्या असतात आणि पकडीने फिरवाव्यात की काय असं वाटतं. कागदांना कपडे वाळत घालायचे चिमटे न्या, दर माणशी चार. चेलोचा खालचा टोकदार दांडा मांडववाल्याच्या गालिच्यात घुसतो आणि नंतर त्यावरून बोलणी बसतात, म्हणून जुन्या सतरंजीचे तुकडेही न्या. माइक प्रत्येकाला एक लावू देऊ नका. समोर दोन आणि मुलाच्या जवळ एक, बस्स. पाच माइक लागले की ध्वनिवाला पाचही आवाज सारखे करून टाकतो आणि महिनाभर खोडरबर घेऊन केलेलं काम अर्ध्या मिनिटात पाण्यात.

यमन. जरूर बसवा, पण ‘एअर’सारखा नाही. चालीखाली बास फिरवू नका, ग-प-नी चे गठ्ठे बांधू नका. खालचा म्हणजे तंबोरा. सा इथेही सी च धरा: खुल्या चारही तारा सा, प, रे, ध, यमनात सगळ्या चालतात, भूपातही. डी ला सा धरलात तर खुली सी तार कोमल नी म्हणून प्रत्येक मींडेत बारीक गुणगुणत राहील आणि यमनाचा विचका होईल. दोघांनी सी आणि जी तारांवर लांब, आळीपाळीने गज धरावा, गज बदलताना दोघांनी एकदम बदलू नये. बाकीच्यांनी एकेकाने गावं. त्यावर वेगळं लिहावं लागेल.

राहिला ‘एअर’चा शेवट. शेवटच्या स्वरसमूहात सगळ्यांना सा वर उतरायचा मोह होतो, आणि मग ग कुणाकडेच नसतो किंवा तिघांकडे असतो. चालवाल्याकडे सा. दुसऱ्याकडे ग, वरच्याच सप्तकातला, हलका. तिसऱ्याकडे प. चौथ्याने खालचा प धरावा, खुली जी तार. सगळ्यात खालची खुली सी तार मुलाला द्या. पूर्ण रचनेत त्याने एकदाच गज उचलायचा, तो इथे. बाकीचे सुटल्यावर त्याचा सी एकटा थोडा उरू द्या. खुल्या तारेला व्हायब्रेटो, म्हणजे बोट हलवून दिलेला कंप, नसतो, म्हणून तो शेवट कोरडा लागेल असं तो म्हणेल. त्याला सांगा, सी वर गज चालू असताना डाव्या हाताचं चौथं बोट जी तारेवरच्या सी वर ठेव आणि ते हलव. ती तार वाजवायची नाही, नुसतं बोट हलवायचं. खालची खुली तार त्या हलण्याला साद देते.